पुसायचं फडकं

घरात आठ कुंड्या. लिंबावर दोनशे चौदा किडे, रबराच्या झाडावर शहाण्णव, मनीप्लांटवर एकेचाळीस, कोरफडीवर सतरा, जास्वंदीवर तीन. उरलेल्या तिन्ही निवडुंगांवर एकही नाही. पिठ्या ढेकूण म्हणतात यांना. अंगावर पांढरं पीठ, पिठाखाली मऊ पोट.

"मोजलेस? आता बारसं पण कर त्यांचं," आत्या मागून म्हणाली.

"आत्या, पाय उचल."

तिची सपात फरशीवरून चर्रकन सुटली.

"हा चिकटा म्हणजे त्यांची शी. महिनाभर आपण त्यातच चालतोय."

"शी! आत्ताच जेवले गं मी!"

इकडे परदेशात बर्फ पडायच्या आत ती सगळ्या कुंड्या घरात घेते. लिंबू आतोबांनी बी रुजवून वाढवलेलं. ते जाऊन चार वर्षं झाली, पण आत्या अजून त्याला 'यांचं लिंबू'च म्हणते.

मला कोडं वेगळंच पडलं होतं. लिंबू स्वयंपाकघरात, रबराचं झाड बैठकीत, कोरफड आत्याच्या उशाशी. हे किडे एवढं चालत नाहीत.

"पानं पुसतेस का गं?"

"दर रविवारी, दूध-पाण्यानं. आधी यांचं लिंबू, मग रबर, मग मनीप्लांट, कोरफड, जास्वंद..." ती थांबली. "निवडुंग कोण पुसणार?"

फडकं एकच होतं, नळावर घडी करून टाकलेलं. मी ते उलगडलं. घड्यांत कापसासारखी अंड्यांची पुंजकी, चिरडलेल्यांचा नारिंगी रस आणि आंबलेल्या दुधाचा वास. एक पिल्लू माझ्या अंगठ्यावर चढलं. आत्या मोरीकडे धावली.

तोंड धुऊन ती परत आली. "चार रविवार देते. नंतर एक जरी जिवंत दिसला, तर लिंबू बाहेर बर्फात. एकापायी बाकीची नासवायची नाहीत."

"आणि आतोबांचं..."

"ते माझं मी बघेन."

दर रविवारी मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक किडा टिपायची. बोळा वापरला की लगेच पिशवीत. मग पानांच्या मागच्या बाजूला साबणाचं पाणी. बेचक्यात बोळा जात नसे, तिथे नख घालावं लागे. नखातला रस दोनदा धुऊनही निघायचा नाही. त्या दिवशी हाताने जेवणं जमायचं नाही. आत्या तोंड फिरवून फांदी धरायची आणि विचारायची, "संपले का गं मेले?"

चौथ्या रविवारी इतर कुंड्यांवर काही सापडलं नाही. लिंबाला मात्र तिने स्वतः भिंग लावलं. पानं झाली, फांद्या झाल्या. मग तिने बोटाने बुंध्याजवळची माती सारली.

"हा हलतोय का?"

मी पाहिलं. "हो."

"वाऱ्याने नाही ना?"

"खिडकी बंद आहे, आत्या. पाय हलतायत."

तिने स्वेटर घातला आणि कुंडी पोटाशी धरून उचलली.

"दार उघड."

मी उघडलं. बाहेर तापमान उणे सात होतं.