कार्डावरची मर्यादा

एक वाजून चार मिनिटांनी शाळेच्या ॲपचा संदेश आला: 'व्यवहार नाकारला. दैनिक मर्यादा ओलांडली.' मी तो वाचला एक वाजून नऊ मिनिटांनी, कारण आमच्या प्रयोगशाळेत फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो.

आधी मला बरंच वाटलं. मर्यादा मीच घातली होती. माझी भाची बारा वर्षांची. तिला आम्ही खारूताई म्हणतो. शाळेच्या कँटीनमध्ये ती कार्डावर जेवते आणि महिनाभरात तिचा खर्च फार वाढला होता. तिची आई, म्हणजे माझी ताई, बस चालवते. तिला ॲप बघायला सवड कुठली? "तू शिकलेली, तूच बघ पोरगी काय उधळतेय ते," म्हणत तिने ते काम माझ्या गळ्यात टाकलं. मी महिन्याच्या खर्चाला दिवसांनी भागलं, जेवणाची किंमत वजा केली. उरलेलं सगळं 'पेये' या सदरात होतं. खारूताईला विचारलं तर तिने नुसते खांदे उडवले. मग काल रात्री मी मर्यादा एका जेवणाइतकी केली, वर थोडी सूट ठेवली.

हातमोजे पुन्हा चढवताना माझा हात थांबला. खारूताईला मधुमेह आहे. पावणेएकला ती शाळेच्या नर्सच्या खोलीत जाऊन इन्सुलिन टोचून घेते आणि एकला जेवते. आज टोचून झालं होतं, आणि जेवण नाकारलं गेलं होतं.

ॲप उघडून मर्यादा काढून टाकली. खाली बारीक अक्षरांत आलं: बदल उद्यापासून लागू होईल.

ताईचा फोन बंद होता. गाडीवर असताना ती तो बंदच ठेवते. शाळेचा फोन तिसऱ्या वेळी लागला. ऑफिसातल्या कारकुनाने 'कार्ड' एवढा शब्द ऐकला आणि खातेदाराच्या सहीचा अर्ज, कामाचे दोन दिवस वगैरे सांगायला सुरुवात केली. असे दहा फोन त्याला रोज येत असणार.

"कार्ड राहू द्या," मी म्हणाले. "तिने इन्सुलिन घेतलंय आणि ती जेवलेली नाही. साखर खाली जाईल तिची. तिला शोधा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग पळत्या बुटांचा.

मी फोन कानाला लावून कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. औषध पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, तासाभरात जोरावर येतं. हे आकडे मला पाठ होते आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पलीकडे कुणीतरी येऊन खडू मागितला, थोडं थांबलं आणि निघून गेलं.

काहीतरी करायचं म्हणून स्पीकर चालू करून मी ॲपमधली यादी उघडली. आज, गुरुवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी फळांचा रस. त्याआधी मंगळवारी. त्याआधी गुरुवारी. त्याआधीही मंगळवारी. बाकी कुठल्याच दिवशी नाही. मी सरासरी काढली होती, वार पाहिले नव्हते.

मंगळवार-गुरुवार साडेदहाला मैदानाचा तास. गेल्या वर्षी मैदानात चक्कर येऊन पडल्यापासून ताईने तिचं पळणं बंद केलं होतं. ती लपून पळत होती, आणि साखर उतरू नये म्हणून रस पीत होती. घरात नीट हिशेब करणारी एकटी तीच होती. आजच्या रसानंतर कार्डावर जेवणापुरतं उरलंच नव्हतं.

एक सत्तावीसला कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"सापडली," धापा टाकत एक बाई म्हणाल्या. त्या कँटीनच्या काउंटरवर असतात. "कपडे बदलायच्या खोलीत बसली होती, घामाघूम. गोड पाजलंय. शुद्धीवर आहे, नर्सबाई जेवायला घालतायत. मशीन लाल झालं की पोरं हसतात हो. मी बोलेपर्यंत निमूट निघून गेली. मी काय तिला उपाशी ठेवणार होते?"

मग बारीक आवाज आला. "मावशी, आईला रसाचं सांगू नकोस. पळणं बंद होईल."

"तू आधी जेव," मी म्हणाले.

संध्याकाळी ताई गणवेशातच खुर्चीवर बसली होती. मी माझी चूक आधी सांगितली, मिनिटांसकट; सकाळच्या रसात मर्यादा संपली तेही.

"शिकलेली म्हणून दिलं होतं तुझ्याकडे," ती म्हणाली. एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, सकाळी सकाळी रस कशाला लागतो हिला?

खारूताई दारात उभी राहून बाहीचं टोक चावत होती. माझ्याकडे बघत होती.

"पळते ती," मी म्हणाले. "महिनाभर पळतेय. एकदाही पडली नाही. आज जे झालं ते माझ्यामुळे."

खारूताईने मान खाली घातली. ताईने माझ्या हातातला फोन घेतला आणि यादीवरून बोट फिरवत राहिली, एकेका तारखेवर थांबत.

"रस पळायच्या आधी घेतेस की नंतर?" तिने वर न बघता विचारलं.

"आधी. नंतर उशीर होतो."

ताईने फोन मला परत दिला. "हे माझ्या फोनवर टाकून दे," ती म्हणाली, "आणि वार कुठे बघायचे ते दाखव."