वाटी आणि विमानतळ

"आई, पुन्हा. शिट्टी वाजतेय."

काचेपलीकडून आईने असं बघितलं की काच तडकायचीच बाकी राहिली. "शिट्टी तुझ्या कानात वाजतेय. मी नीट बोलले."

"नुसतं 'बस' म्हण."

"बस."

"ऐकलंस? कुकर बरा याच्यापेक्षा."

"जिभेला काही हाड? आई आहे मी तुझी."

"घरी. इथे तू आवाज आहेस. घे पुन्हा."

पोरीने बटणावरचं बोट उचललं. ते बटण दाबलं तरच बाहेरचं बोलणं आत आईच्या हेडफोनमध्ये जायचं. बटण म्हातारं झालं होतं. रागात जोरात दाबलं की खालीच अडकायचं, मग नखाने उचकटावं लागायचं. आणि पोरीला रागात नसताना बटण दाबायची सवयच नव्हती.

मागे सोफ्यावर बसस्थानकाचा साहेब पाय हलवत बसला होता. नवीन विमानतळ झालेलं, तिकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा त्याला आजच हवी होती. कोपऱ्यात स्टुडिओचा मालक. दिवसभर तो सगळ्यांना एकच शब्द ऐकवायचा, म्हणून त्याचं नाव चूपकाका पडलेलं.

बसस्थानकावर वर्षानुवर्षं आईच बोलत होती. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं' म्हटलं की माणसं पिशव्या उचलून पळायची. चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. भाजीवालासुद्धा तिला हाडतहुडूत करायचा. पण आवाज म्हणजे तिचा जीव. गार पाणी नाही, लोणचं नाही, ओरडणं तर नाहीच. घरात पोरीला बोलवायचं झालं तर हाकसुद्धा नाही, ओट्यावर वाटी आपटायची. एकदा आपटली म्हणजे जेवायला ये. दोनदा म्हणजे कुठे उलथली होतीस. अख्ख्या गावाला 'कृपया' आणि पोटच्या पोरीला वाटी!

पोरीने बाईंच्या अंगावर कंपासपेटी भिरकावली आणि शाळा सुटली, तेव्हा आईनेच तिला दंडाला धरून इथे आणून टाकलं. "रस्त्यावर उंडारण्यापेक्षा बरं," चूपकाकांना म्हणाली, जणू भंगार देत होती.

चूपकाकांनी आधी नुसत्या वायरी गुंडाळायला लावल्या. वायरीला पीळ पडला की तीच वायर पाठीवर. पुढे माइक तोंडापासून किती लांब ठेवायचा ते शिकवलं, आणि शेवटी रेकॉर्डिंगची कापाकापी. मशीनच्या पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसायचे, दोन डोंगरांमध्ये बारीक केसाळ सुरवंट. तो श्वास. पोरगी सुरवंट दिसला की उडवायची.

"सगळे नको कापू," चूपकाका म्हणायचे. "बोलणारा बुडाल्यासारखा वाटतो."

"घाण आहे ती. घाण कशाला ठेवायची?"

"चूप."

आत आईने पुन्हा सुरुवात केली. "विमानतळाकडे जाणारी बस..." पुन्हा शिट्टी. सोफ्यावर साहेबाने जांभई दिली. त्या जांभईने पोरीचं डोकं फिरलं. तिने बटणावर मूठच हाणली.

"अगं, मग कवळी काढून बोल ना!"

कवळी मागच्या महिन्यात बसली होती. ती कळू नये म्हणून आई गल्लीत हसायचीसुद्धा बंद झाली होती. हे फक्त दोघींना माहीत होतं.

"कवळी?" साहेबाचा पाय थांबला. "तरीच म्हटलं. मग आता काय, दुसरी बाई बघावी लागणार."

"दुसरी कशाला?" पोरगी गर्रकन वळली. आईला शिव्या घालायचा हक्क तिचा होता, या टमरेलाचा नव्हता. "आवाज हाच राहील. बसा दोन मिनिटं."

"हात काढ तिथून," चूपकाका म्हणाले.

पोरीने ऐकलं नाही. आईच्या जुन्या घोषणा मशीनमध्ये होत्याच, दात शाबूत होते तेव्हाच्या. 'विमा कार्यालय'मधला 'वि' तिने उचलला. 'आपलं सामान सांभाळा'मधला 'मान'. 'तळमजला'मधला 'तळ'. जोडले. सांधे घासले. जुनी, बिनशिट्टीची 'बस' आणून बसवली. जुनी, बिनशिट्टीची 'बस' आणून बसवली. बोटं अशी पळत होती की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मग स्पीकर चालू केला.

*विमानतळाकडे जाणारी बस फलाट चारवर उभी आहे.*

घोटून गुळगुळीत. तरुण. आईने हे वाक्य असं कधीच म्हटलं नव्हतं.

"घ्या!" पोरगी साहेबाला म्हणाली. "हवं ते वाक्य बनवते. आवाज बदलायची गरज नाही."

"वा!" साहेब उठलाच. "म्हणजे बाईंना बोलवायचीही गरज नाही."

चूपकाकांनी डोळे मिटले. पोरीने काचेकडे बघितलं. आई हेडफोन लावून उभी होती, हालचाल नाही. मग पोरीची नजर बटणावर गेली. मूठ मारली तेव्हापासून ते खालीच अडकलेलं होतं.

आईने हेडफोन काढला. घरात भांडी आपटणाऱ्या बाईने तो इतक्या हळू स्टँडवर टेकवला की माइकलाही कळलं नाही. बाहेर येऊन तिने पर्स घेतली.

"'मान' कुठून आणलास?"

"सामान सांभाळामधून."

"हं. सांधा दिसत नाही."

"आई, मी तुझ्याचसाठी..."

"माझ्यासाठी काही करायचं असतं ना, तर तोंड बंद ठेवायचं होतंस." आणि साहेबाकडे न बघता ती जिना उतरली.

पोरीने टेबलाला लाथ घातली. "तुम्ही का नाही अडवलं मला?"

"सांगितलं होतं, हात काढ," चूपकाका म्हणाले. या वेळी त्यांनी चूप म्हटलं नाही.

संध्याकाळी पोरगी घरी तोंड फुगवून पडली होती. वाटीची वाट बघत. एकदा, दोनदा, दहादा आपटू दे, ती उठणार नव्हती.

"ए! जेवायला ये!"

भिंत हादरेल अशी हाक. शेवटी शिट्टीसकट. पोरगी दचकून बसलीच. आता हा आवाज कुणासाठी राखायचा नव्हता.

पुढे एकदा दोघींना मावशीकडे जायचं होतं. बसस्थानकावर बाकावर बसल्या, मधे पिशवी ठेवून. वर कर्णा खरखरला.

*विमानतळाकडे जाणारी बस फलाट चारवर उभी आहे.*

माणसं बॅगा ओढत फलाट चारकडे निघाली. एका बाईचा धक्का आईच्या गुडघ्याला लागला. "अहो, पाय घ्या ना आत, वाटेत काय बसता!"

आईने पाय आत घेतले.

"ती गुर्मी बघितलीस?" पोरगी उसळली. "सांगू का तिला, तू कोण आहेस?"

"कोण आहे मी?"

पोरीने मधल्या पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"'बस'नंतर श्वास घेतला असता मी," आई समोर बघत म्हणाली. "तू उडवलास."

"घाण वाटली."

"हं."

कर्णा पुन्हा खरखरला. तीच घोषणा. "विमानतळाकडे जाणारी बस" झालं, आणि बरोबर त्या जागी आईची छाती वर आली, खाली गेली. ओठ मिटलेलेच होते. वरचा आवाज न थांबता पुढे निघून गेला होता.