नोलीनबाईंच्या अंगावरचे पिवळे जाकीट

मी एक जुने, उन्हाने विटलेले पिवळे जाकीट आहे. मित्रांनो, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या एका लहान गावाच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. मधल्या सुट्टीत मैदानावर ज्याने लक्ष ठेवायचे, त्याने मला घालायचे.

नवे होते तेव्हा माझा रंग असा झगझगीत होता, की मला लांबून पाहताच पोरे मारामारी थांबवत. रोज नवे खांदे मिळत. मग एकेक शिक्षक शाळा सोडून गेला, त्यांच्या जागी नवे कुणी आले नाही आणि मी नोलीनबाईंच्याच अंगाला चिकटले. त्यांना नाही म्हणता येत नसे ना!

मुख्याध्यापक ग्लेन दारातून डोकावत. "नोलीन, आजचा दिवस सांभाळून घे गं. तू आहेस म्हणून शाळा चालते!"

या कौतुकाची मला चीड येई. त्यापायी बाईंचे सँडविच डब्यातच सुके. त्यांच्या काळजाची धडधड मला कळे. पोरे नुसती हसली तरी त्या दचकत.

आणि ग्लेनसाहेबांनी उपाय काय काढला? ताणमुक्तीचा वर्ग! शाळा सुटल्यावर, तोही सक्तीचा. वर प्रत्येकाला एक सुगंधी मेणबत्ती. पोरांना घरी पाठवून बाई मैदानावरून तशाच, मला अंगावर ठेवूनच येऊन बसल्या.

"डोळे मिटा. खोल श्वास घ्या," ग्लेन म्हणाले.

"श्वास नंतर घेते, ग्लेन. सकाळपासून मला लघवीला जायला मिळालं नाहीये."

"अगं, चिडतेस काय? आपण सगळ्यांनीच जरा चिवट व्हायला हवं."

"चिवट?" बाई ताडकन उठल्या. "इतकी वर्षं मी काय इथे माशा मारतेय? दोन वर्गांची पोरं माझ्या एका खोलीत कोंबतोस, आणि वर मेणबत्ती देतोस?"

त्यांनी मला ओरबाडून काढले आणि ग्लेनच्या गळ्यात अडकवले. "उद्याची मधली सुट्टी तू सांभाळ!"

"परवाचीसुद्धा," खेळाचे शिक्षक तेविता मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ग्लेन मैदानात उतरले. चवताळलेल्या मॅगपाय पक्ष्याने त्यांच्या टकलावर चोच मारली. एक पोरगी त्यांच्या बुटांवर ओकली. त्यांचे जेवण राहिले. आठवड्याभरातच त्यांनी वरच्या कार्यालयाशी फोनवर कडाकडा भांडून नवी शिक्षिका मिळवली.

इतके सोपे होते, ग्लेनसाहेब, तर आधी का नाही भांडलात?

तोवर नोलीनबाईंना डॉक्टरांनी घरी बसवले होते. त्या वर्गात पुन्हा आल्याच नाहीत. आता त्या रोपवाटिकेत काम करतात म्हणे. एक माणूस गेले, तेव्हा एक माणूस मिळाले!

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुणीतरी असे सगळ्यांचे ओझे वाहत असेल. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू नका. त्यांचे ओझे उतरवून घ्या, ते उभे आहेत तोवर.