म्हशीची साक्ष

गीताबाई माहेरी धारूरला गेल्या आणि म्हैस थेंबभर दूध देईना. माजी सरपंच सुंदररावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, पारावर पंच बसवले.

"शेळ्या राखणाऱ्या कडूबाईनंच करणी केली. तिला गावाबाहेर काढा!"

कडूबाई म्हणाली, "मालक, म्हशीला बाईंची सवय हाय. त्यांचं लुगडं नेसून धार काढा. दूध न्हाई आलं, तर मी आपल्या पायानं गाव सोडते."

पंच गोठ्यात गेले. सुंदरराव हिरवं लुगडं नेसून, मिशा पदराआड लपवून बसले. म्हशीनं वास घेतला आणि बादली भरली. कडूबाई सुटली. पंचांनी त्याच दुधाचा चहा घेतला.

आठवड्यानं गीताबाई परतल्या, तर म्हैस सुंदररावांशिवाय कुणाला जवळ येऊ देईना.

"आता तरी करणीच हाय ना?" सुंदरराव ओरडले.

"हाय की," पंच म्हणाले. "पण लुगडं तुमी नेसलतं."