गाडी तापली नाही तर या

मी एका जुन्या पिकअप ट्रकचा पंखा आहे, मित्रांनो. छताला लटकून झोपलेल्या माणसांना वारा घालतात ते माझे नशीबवान चुलतभाऊ. मी रेडिएटरच्या मागे, बॉनेटखाली बसलो आणि उभा जन्म इंजिनाला वारा घातला. आता इस्रायलमधल्या बेर्शेबा गावात एका गॅरेजमागे भंगारात पडून आहे. दमलोय फार. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकतो.

माझं काम काय, ते आधी ऐका. इंजिन चाललं की तापतं. पाणी त्याच्या अंगातून फिरून ती उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं आणि मी बाहेरची हवा ओढून ते पाणी निववतो. मला आणि पाण्याच्या पंपाला एकच रबरी पट्टा फिरवतो. पट्टा तुटला की मी थांबलो, पंप थांबला, खेळ खलास. त्यात आमचा मुलूख नेगेवच्या वाळवंटाचा. इथे बाहेरची हवाच आधी तापलेली असते, तर मी बापडा थंडावा आणू कुठून?

तारुण्यात मी बांधकामाच्या सिमेंटची ओझी ओढली. कौतुक? कोणी बॉनेट उघडून मला शाबास म्हटल्याचं आठवत नाही. बॉनेट उघडतात ते शिव्या द्यायला. मग १९८९ साली मेयरने गाडी विकत घेतली. तो मुंबईहून आलेला मराठी ज्यू, कारखान्यात फिटर. मराठी मी त्याच्याकडूनच शिकलो. कॅबिनमध्ये तो आणि त्याची बायको जूडिथ भांडायची आणि मी ऐकायचो. माणूस वाईट नव्हता, पण आळशी. दुसऱ्याच्या मशीनला रोज तेलपाणी करील आणि स्वतःच्या गाडीकडे ढुंकून बघणार नाही.

"मेयर, पट्ट्याला चिरा पडल्यात, बदलून घे," गॅरेजवाला आसाफ दर खेपेला सांगे.

"चालतोय ना? चालू दे," मेयर म्हणे. पट्टा बदलायला वीस मिनिटं लागतात, मित्रांनो. वीस!

१९९१च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी शेजारच्या अराद गावाहून फोन आला. जूडिथची थोरली बहीण पनिना, तिचा नवरा जुडा गेला होता. आमच्या लोकांत दफनाला उशीर करत नाहीत, दुपारीच न्यायचं ठरलं. मेयर आणि जूडिथ तडक निघाले. अरादच्या चढावर पट्टा तुटला, मी थांबलो, रेडिएटर उकळून वाफेचा लोट उठला. कोणीतरी गाडी ओढून परत बेर्शेबाला आणली. तिकडे पनिना दारात उभी राहून वाट बघत होती. तिने शेवटी नवऱ्याला बहिणीवाचून निरोप दिला.

"गाडी तापली म्हणे!" ती फोनवर म्हणाली. "यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. माझ्या दुःखात बहाणे कशाला?" आणि फोन ठेवला. तो पाच वर्षं उचलला नाही. जूडिथने पत्रं पाठवली, ती न फोडता परत आली. कॅबिनमध्ये ती रडायची ते मला ऐकू यायचं. मी काय करणार? मला तर बोलताही येत नव्हतं.

१९९६च्या मे महिन्यात पनिनाची लेक नुरीत हिच्या लग्नाचं कार्ड आलं. छापलेलं हिब्रूत, पण खाली पनिनाने हाताने मराठीत लिहिलं होतं: मेंदीला गाडी तापली नाही तर या.

जूडिथने ते दहादा वाचलं. "अहो, आज पोचलो नाही तर मला बहीण राहिली नाही असं समजा," मेंदीच्या दिवशी ती म्हणाली. मेयरने मान डोलावली, कपाटातला सूट काढला, मागे नारळांचं पोतं टाकलं. माझ्या पट्ट्याकडे बघितलं? छे! कप्पाळ माझं. पाच वर्षांपूर्वी बसवलेला पट्टा पुन्हा चिरा पडून कुरकुरत होता.

नेमक्या त्याच चढावर तो तुटला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढला. या वेळी मेयरने निदान लगेच गाडी बाजूला घेतली. भर दुपार, वाळवंटाचा गरम वारा, दूरवर कोणाच्या तरी बकऱ्या.

"नवीन पट्टा आहे ना गाडीत?" जूडिथने विचारलं. मेयर उगाच हत्यारांची पेटी चाळायला लागला. ती काय ते समजली.

"बस येईल आता. तू हो पुढे," तो म्हणाला.

"एकटी जाऊन काय सांगू? गाडी तापली? त्यापेक्षा मी इथेच मरेन. ही गाडी तिच्या दारात गेली पाहिजे." तिने स्वतःकडे पाहिलं. अंगावर जांभळी रेशमी साडी होती, मुंबईहून आणलेली, डांबराच्या गोळ्यांत जपलेली. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि केसांतली पिन काढून साडीचा फॉल उसवायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"बघत काय बसलाय? दुसऱ्या टोकाकडून उसवा!"

टाके तिनेच घातलेले, बारीक आणि पक्के. ती स्वतःलाच शिव्या देत होती. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही असा तिने मेयरला दम भरला. पाऊण तासाने त्यांनी सुती फॉलला पीळ दिला, दुहेरी केला, पट्ट्याच्या जागी पुलींवरून घट्ट ओढून गाठ मारली आणि रेडिएटरमध्ये पाणी भरलं. हे तुम्ही करू नका हं, मित्रांनो, बोटं जातील.

आणि मी फिरलो. त्या कापडावर किती फिरता येणार? ते घसरायचं, तापायचं, गाठ सैल व्हायची. तीनदा थांबून त्यांनी ते आवळलं. कानाकोपऱ्यातली ताकद गोळा करून मी फिरत राहिलो. त्या दिवशी मी स्वतःसाठी नाही फिरलो, त्या बाईसाठी फिरलो.

अरादला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि घरात गाणी सुरू झाली होती. पनिना बाहेर आली.

"आलीस? आता?" तिने विचारलं.

'गाडी तापली' हे वाक्य जूडिथला म्हणवेना. मेयरने इंजिन निवावं म्हणून बॉनेट उघडलं. वाफ ओसरली तसा पनिनाला पुलीवर गुंडाळलेला जांभळा फॉल दिसला. मग तिने जूडिथच्या साडीची लोंबणारी किनार पाहिली, काळे झालेले हात पाहिले.

"म्हणजे तेव्हासुद्धा..." ती म्हणाली.

"तेव्हासुद्धा, ताई."

पनिना तिथेच बंपरवर बसली. "पाच वर्षं गं! पाच वर्षं मी..." जूडिथने तेलकट हातांनीच तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. आतून नुरीत हाका मारत होती, मावशी आल्याशिवाय मेंदी लावून घेणार नाही म्हणून अडून बसलेली.

त्यानंतर पट्टा दरवर्षी बदलला गेला. जूडिथ स्वतः आसाफसमोर उभी राहायची.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर ऐका. त्याच्यावर नुसती गाडी चालत नाही. पलीकडे दारात कोणीतरी उभं असतं.

२००२ साली पनिना गेली. मेयरने मला अरादच्या चढावरून नेलं, काटा जागचा हलला नाही, जूडिथ वेळेवर पोचली. परतीच्या वाटेवर ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "सहाच वर्षं मिळाली हो आम्हाला," ती म्हणाली, "अकरा मिळाली असती."

मेयरने गाडी हळू केली.