कपाटावरचा पुडा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला, की कोनराडआजोबा सुपरमार्केटात जाऊन एकदा तरी भांडून येत. भांडणाचे कारण दरवर्षी तेच. कालपर्यंत ज्या फळीवर पोहण्याचे चष्मे आणि उन्हाचे मलम होते, तिथे आज लेबकुखनचे पुडे रचलेले असत. मध, मसाले आणि बदाम घातलेला हा नाताळचा खाऊ, आणि बाहेर मुले उघड्या अंगाने पेग्निट्झ नदीत डुंबत असत.

"रोशबाई, बाहेर तीस अंश ऊन आहे आणि तुम्ही नाताळ विकताय?"

गल्ल्यावरच्या रोशबाई कोनराडआजोबांच्या हातचा पाव खातच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्या शांतपणे म्हणत, "काका, गाडी येते, मी रचते. मला काय विचारताय? आणि लोक नेतात हो! गेल्या वर्षी पहिला पुडा कोणी नेला, सांगू? आपल्या चर्चच्या पाद्रीबाईंनी!"

आजोबा पाव न घेताच घरी येत.

एक्केचाळीस वर्षे त्यांची नदीकाठच्या गल्लीत बेकरी होती. तिचा एक नियम गावात सगळ्यांना पाठ होता. नोव्हेंबरच्या शेवटी मृतांचा रविवार येतो. त्या दिवशी गावाने कबरस्तानात जायचे, आपापल्या माणसांच्या कबरींवर देवदाराच्या फांद्या घालायच्या, मेणबत्ती लावायची. त्यानंतरचा रविवार आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला. त्या दिवशी कोनराडच्या बेकरीत लेबकुखन दिसणार, त्याच्या एक दिवसही आधी नाही. बेकरी बंद होऊन सहा वर्षे झाली होती, पण घरात नियम तसाच होता.

त्या सप्टेंबरात मात्र आजोबांचे मन थाऱ्यावर नव्हते. त्यांची मुलगी केर्स्टिन परिचारिका होती. तिला दूर उत्तरेला, समुद्राकाठच्या कील शहरात नोकरी लागली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर ती आणि नऊ वर्षांची विल्मा तिकडे राहायला जाणार होत्या. आतापर्यंत दोघी दोन गल्ल्या पलीकडे राहत आणि दर शनिवारी विल्मा आजोबांकडे येई. आजोबा स्वतःची समजूत घालत होते, 'नाताळला येतीलच की. चार दिवस राहतील.'

अशाच एका शनिवारी आजोबा अंगणात आलुबुखाऱ्याच्या केकवरच्या गांधीलमाश्या हाकलत होते. विल्मा पाठीवर पिशवी घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. बराच वेळ ती बाहेर येईना, म्हणून आजोबा आत डोकावले. टेबलावर तीन बशा मांडलेल्या होत्या. मधोमध लाल मेणबत्ती पेटलेली होती आणि तिच्या शेजारी लेबकुखनचा पुडा होता. सोनेरी कागदातला, सुपरमार्केटातला.

"हे काय आहे?"

"लेबकुखन! तुमच्या, माझ्या आणि आईच्या बशीत. आई पाच वाजता येतेय."

"विल्मा, सप्टेंबर आहे हा! आणि तेही माझ्या घरात?" आजोबांनी पुडा उचलला आणि खुर्चीवर चढून उंच कपाटावर ठेवून दिला. "आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी खाली येईल. त्याआधी नाही."

"तेव्हा मी इथे नसेन."

"मग नाताळला खा. तोपर्यंत काही नासत नाही."

विल्माने फुंकर मारून मेणबत्ती विझवली, बशा एकावर एक रचून जागेवर ठेवल्या आणि केकला हातही न लावता घरी निघून गेली.

पाच वाजता केर्स्टिन एकटीच आली.

"बाबा, काय म्हणालात तुम्ही तिला? पांघरुणातून बाहेर यायला तयार नाही ती."

आजोबांनी कपाटाकडे बोट दाखवले. केर्स्टिनने पुडा पाहिला आणि ती खुर्चीत बसली.

"तुम्हाला सांगायला धीरच होत नव्हता मला. नव्या माणसाला नाताळची ड्यूटी लावतात. चोवीस, पंचवीस, सव्वीस, तिन्ही दिवस. आम्हाला नाही येता येणार, बाबा. मी गुरुवारी फोनवर बोलत होते, ते तिने ऐकलं. मला म्हणाली, 'आई, मग आपण आजोबांकडे नाताळ आत्ताच करून टाकू. दुकानात तर आलाच आहे.'"

अंगणातल्या केकवर माश्या बसल्या होत्या. त्या हाकलायचेही आजोबांना सुचले नाही.

रविवारी सकाळी त्यांनी केर्स्टिनच्या दारावरची घंटा वाजवली. विल्माने दार उघडले, पण अर्धेच.

"माझं चुकलं," आजोबा म्हणाले. "तू पुडा का आणलास, ते मी विचारलंच नाही. आता तुला एक गंमत दाखवायची आहे. तुझ्या आईनेही पाहिलेली नाही. चप्पल घाल."

ते तिला घेऊन घरी आले आणि तळघरात उतरले. एका कोपऱ्यात जुन्या कापडाखाली दोन जाड चिनीमातीच्या बरण्या होत्या. त्यांनी त्या उचलून वर आणल्या, धुतल्या आणि उन्हात उपड्या घातल्या.

"आता मध तापवायचा. पातळ झाला पाहिजे, पण उकळता कामा नये. तूच बघ. करंगळी बुडव. चटका बसला तर फार झालं."

विल्माने चार वेळा करंगळी बुडवली. त्यातल्या दोन वेळा फक्त चाटण्यासाठी होत्या, हे आजोबांनी ओळखले. मग मधात पीठ घातले. आजोबांनी लाकडी पळी तिच्या हातात दिली. मिश्रण इतके घट्ट झाले की तिला दोन्ही हातांनी पळी ओढावी लागली.

"दालचिनी कधी घालायची? लवंग?"

"आत्ता नाही. मसाला, पीठ फुगवायचा क्षार, सगळं शेवटी, भाजायच्या आधी."

"मग हे तर नुसतं मध आणि पीठ आहे!"

"नुसतं मध आणि पीठ. आता त्याने दोन-अडीच महिने अंधारात गप्प बसायचं. तेव्हा त्याला चव येते. दरवर्षी मी हे सप्टेंबरातच भिजवतो. कोणाला सांगत नाही, एवढंच."

विल्मा ढवळायची थांबली. "म्हणजे तुमचा नाताळपण सप्टेंबरातच सुरू होतो?"

"होतो."

"मग रोशबाईंशी का भांडता?"

आजोबा हसले. त्यांनी डोके खाजवले. "ते लोक खायला लवकर काढतात. आपण वाट बघायला लवकर सुरुवात करतो. पण खरं सांगू का, मला भांडायची सवयच लागलीय."

"मीपण खायलाच आणला होता पुडा."

"नाही गं. तू तो आजोबांसाठी आणला होतास." आजोबांनी तिच्या नाकावरचे पीठ पुसले. "आता बघ, या पिठाचे दोन भाग करू. एक बरणी माझ्या तळघरात राहील. दुसरी तुझ्याबरोबर कीलला येईल. गार जागी, अंधारात ठेवायची. आणि मध्येच उघडून बघायचं नाही."

"एकदापण नाही?"

"एकदापण नाही."

त्यांनी मसाल्याची आणि क्षाराची छोटी बाटली भरून दिली आणि एका कागदावर ठळक अक्षरांत सगळी कृती लिहिली. ऑक्टोबरात सामानाची गाडी निघाली, तेव्हा विल्मा पुढच्या सीटवर मांडीवर बरणी घेऊन बसली होती. तिने हात हलवला नाही, कारण दोन्ही हात बरणीला धरलेले होते.

घर शांत झाले. आजोबा शनिवारी दोन कप काढत आणि एक परत ठेवत. पण तळघरात उतरले की त्यांना बरे वाटे. इकडे एक बरणी होती, तिकडे एक होती.

नोव्हेंबर आला. मृतांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आजोबांनी पीठ बाहेर काढले, मसाला मळला आणि लेबकुखन भाजले. दुसऱ्या दिवशी ते कबरस्तानात जाऊन आले. पुढच्या रविवारी पानांच्या चक्रातल्या चार मेणबत्त्यांपैकी त्या रविवारची पहिली लावून ते बसले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आजोबा!" विल्मा रडत होती. "दगड झालेत! आईचा दात हलला!"

"हललाबिलला नाही," मागून केर्स्टिनचा आवाज आला, "पण बाबा, याने खिळा ठोकता येईल."

"कधी भाजलेस?"

"आज सकाळी."

"आज? कागदावर काय लिहिलंय, वाच बघू."

कागदाचा आवाज आला. "'पहिल्या रविवारच्या एक आठवडा आधी भाजणे.' पण मला वाटलं, लिहिताना तुमची चूक झाली. तुम्ही तर आधी कधी काहीच करत नाही!"

आजोबांना हसू आवरेना. इतके हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. शेवटी पलीकडे विल्माही हुंदके देत देत हसायला लागली.

"ऐक, काही बिघडलेलं नाही. भाजल्यावर ते कडकच असतात, माझेपण होते. पत्र्याच्या डब्यात भर आणि वर सफरचंदाची एक फोड ठेव. दोन दिवसांनी फोड बदलायची. हळूहळू मऊ होतात."

"किती दिवसांत?"

"तू फार जाड लाटलेस वाटतं. नाताळापर्यंत होतील."

विल्मा म्हणाली, "पण चोवीस तारखेला आई रात्री दहाला घरी येणार आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्याजवळ बसणार आहेत. त्यांना मध चालत नाही."

आजोबांनी कपाटाकडे पाहिले. सोनेरी पुडा अजून तिथेच होता. चोवीस तारखेला दुपारी आपल्या पत्नीच्या, हेल्गाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. तो एकदाही चुकला नव्हता. म्हणून तर आपणच कीलला जाण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता.

"मी येतो," ते म्हणाले.

"आणि आजीची मेणबत्ती?"

"आधी लावीन."

मग केर्स्टिनने फोन घेतला. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

बावीस डिसेंबरला आजोबा सुपरमार्केटात गेले. त्यांनी सात दिवस जळणारी मोठी लाल मेणबत्ती घेतली. गल्ल्याजवळ नव्या वर्षासाठी शुभशकुनाची, बदामाच्या लगद्याची गुलाबी डुकरे मांडलेली होती. त्यातले एक उचलून त्यांनी मेणबत्तीशेजारी ठेवले.

रोशबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "काका, नवीन वर्षाला अजून दहा दिवस आहेत. आणि कबरीची मेणबत्ती तर तुमची चोवीसची असते. तुम्हीही आता आधी सुरू केलंत?"

"गाडी उद्या सकाळची आहे, रोशबाई. आणि तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा."

"अगं बाई, आज भांडण नाही?"

"ऑगस्टात येतो की भांडायला."

कबरस्तानात पातळ बर्फ पडले होते. आजोबांनी हाताने दगडावरचे बर्फ झाडले, मेणबत्ती लावली आणि तिच्यावर झाकण बसवले. "हेल्गा, दोन दिवस आधी आलोय," ते म्हणाले. "पोरगी एकटी आहे." ज्योत हलली आणि मग सरळ जळू लागली.

चोवीसच्या संध्याकाळी कीलमधल्या छोट्या स्वयंपाकघरात विल्माने आपला डबा उघडला. सफरचंदाची सुकलेली फोड तिने बाजूला काढली आणि एका लेबकुखनवर बोट दाबले. बोट आत रुतले.

"मऊ!" ती ओरडली.

आजोबांनी आपल्या डब्यातले लेबकुखन तिच्या शेजारी मांडले. मग त्यांनी पिशवीत हात घालून सोनेरी कागदातला पुडा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"कपाटावरून खाली आला," ते म्हणाले. "उघड बघू. आणि आईच्या बशीत पहिला ठेव."