मालवणची परवानगी

२००८ साली ऑफिसच्या सहलीत हर्षदा मालवणला वीस मिनिटं समुद्राखाली राहून आली आणि कामातून गेली. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, समोरून एक पिवळा मासा गेला, बस्स. जन्माचं वेड लागायला तेवढं पुरलं. अंबरनाथला परतल्यावर तिला डिसेंबरातला पाच दिवसांचा पूर्ण कोर्स हवा होता आणि तिच्या वडिलांना, रामभाऊंना, जावई हवा होता.

"समुद्र म्हणजे जिवाशी खेळ," रामभाऊ म्हणत. स्वतः त्यांनी ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं काडतुसांच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता.

मैत्री सोसायटीला तर चघळायला विषयच मिळाला. सेक्रेटरी जयदेव जिन्यात भेटले की विचारत, "काय मॅडम, मासे काय म्हणतायत?" हर्षदा घरी जाई आणि मोरीतल्या पिंपात डोकं बुडवून श्वास रोखायचा सराव करी. पहिल्यांदा एक मिनिट पूर्ण झालं तेव्हा तिला नोकरी लागल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मग जमिनीखालच्या टाकीचा पंप रुसला. प्लंबर म्हणाला, पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय, टाकी उपसावी लागेल. पाणी यायचं दिवसाआड, आणि टाकी काठोकाठ भरलेली. सभा भरली. दीड तास एकमेकांची उणीदुणी काढून झाल्यावर सगळ्यांना एकदम हर्षदाचा छंद थोर वाटू लागला. अडला हरी, दुसरं काय!

"अरे, आपल्या बिल्डिंगमध्येच डायव्हर आहे की!" जयदेव म्हणाले.

पंपाचा मेन स्विच बंद केला आणि हर्षदा पाण्यातला चष्मा लावून उतरली. रामभाऊ झाकणापाशी उकिडवे बसले. तिसऱ्या बुडीत ती बराच वेळ वर आली नाही. अडकलेलं फडकं केव्हाच तिच्या हातात आलं होतं. पण खाली ना जयदेव ऐकू येत होते, ना स्थळं सुचवणाऱ्या मावश्या. तिला तिथं फार बरं वाटत होतं.

ती वर आली तशा टाळ्या वाजल्या. जयदेवांनी तिथल्या तिथं ठराव मांडला : यापुढे टाकीची तपासणी दर महिन्याला हर्षदा मॅडम करतील. सगळ्यांचे हात वर गेले. रामभाऊंचा तेवढा गेला नाही. तो अजून खांद्यापर्यंत पाण्यात होता.

"मालवणला खाली एकटीच असतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही पप्पा. सर हात धरून असतात."

"मग डिसेंबरात तिकडंच जा," रामभाऊ म्हणाले. "या टाकीत पुन्हा उतरलीस, तर माझ्याशी गाठ आहे."